कोकराने दाखवलेली वाट

सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असे आपण ऐकत आलो. ते खरे नव्हे. दिवस जितके कमी, तितका धोका जास्त.

असे मूल धापा का टाकते? त्याची फुप्फुसे कच्ची असतात. पक्क्या फुप्फुसात आतून एक बुळबुळीत लेप असतो. त्यामुळे श्वास सोडल्यावर आतले बारीक फुगे मिटत नाहीत. हा लेप पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत पुरा होतो.

न्यूझीलंड देशात लिगिन्स नावाचे डॉक्टर होते. कळा कशाने सुरू होतात, हे ते मेंढ्यांवर तपासत होते. त्यांनी पोटातल्या कोकराला एक औषध दिले. कोकरू फार लवकर जन्मले. ते मरायचेच, पण बघतात तो काय, ते श्वास घेत होते!

मग त्यांनी डॉक्टर हाउई यांच्याबरोबर २८२ गरोदर बायांची पाहणी केली. १९७२ साली निकाल छापला. औषध न मिळालेल्या आयांची शंभरात १५ मुले दगावली. औषध मिळालेल्यांची तीनच.

आज आपल्याकडेही हे इंजेक्शन आहे. ते मुलाला नव्हे, आईला देतात, तेही बाळंतपणाआधी. पुरा गुण यायला एक दिवस तरी लागतो. म्हणून दिवस भरण्याआधी कळा आल्या किंवा पाणी गेले, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नये. लागलीच इस्पितळ गाठावे. इंजेक्शन द्यायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील. वेळेवर पोचणे मात्र आपल्या हाती आहे.