आधी विमानातला नकाशा, मग मोबाईलचा दणका : ‘गार्मिन’ सावरणारी माणसं कोण?

धायरी : पावसाळ्यात धायरी फाट्यावरून सिंहगडाकडे बघितलं तर बऱ्याचदा गड दिसतच नाही, ढग पार खाली उतरलेला असतो. रस्त्यावरच्या माणसाचं त्यानं काही अडत नाही. मोबाईल उघडला की नांदेड फाटा कुठं, खडकवासला किती लांब, सगळं कळतं. पण त्याच ढगात एखादं छोटं विमान शिरलं तर? गड समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटर उंच. ढगात वैमानिकाला डोंगर दिसत नाही आणि जमीनही दिसत नाही. त्याचा सगळा भरवसा समोरच्या स्क्रीनवर असतो.

अशी स्क्रीन बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. छोट्या विमानांच्या बाबतीत त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे अमेरिकेतली गार्मिन. भरतीसाठी पळणाऱ्या पोरांना हे नाव मनगटी घड्याळामुळे माहीत असेल. पण कंपनी उभी राहिली ती विमान आणि बोट यांच्यासाठी, आणि उभी करणारे दोघंही साधे पगारदार इंजिनिअर होते.

गॅरी बरेल हे कॅन्सस राज्यातले. कॅन्सस म्हणजे गव्हाच्या शेतांचा मुलूख. तिथल्याच ओलेथा गावात किंग रेडिओ नावाची कंपनी विमानाचे रेडिओ बनवायची, तिथं ते काम करत. मिन काओ जन्माने तैवानचे. तैवानमध्ये शिकून ते अमेरिकेत गेले, टेनेसी विद्यापीठातून पीएच.डी. केली आणि पुढे किंग रेडिओतच आले. विमानात वापरता येईल असा जीपीएस रिसीव्हर बनवण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

जीपीएस त्या वेळी नवीन होतं. मुळात ती अमेरिकी लष्कराची सोय. १९८३ मध्ये कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. त्यानंतर अमेरिकेनं ही सेवा सर्वसामान्यांनाही खुली करण्याचं जाहीर केलं. बरेल आणि काओ यांना त्यात धंदा दिसत होता, पण त्यांच्या मालक कंपनीला तेवढी घाई नव्हती. मग १९८९ मध्ये दोघांनी नोकरी सोडली. बरेल तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, काओ चाळिशीचे. या वयात आपल्याकडे माणूस पोरांच्या लग्नाचा विचार करतो. घडीच्या टेबलाभोवती बसलेले मोजके इंजिनिअर, अशी त्या कंपनीची सुरुवात सांगितली जाते. आधीचं नाव होतं प्रोनॅव्ह. त्या नावावरून दुसऱ्या कंपनीशी वाद झाला, तेव्हा गॅरी आणि मिन ही दोन नावं जोडून ‘गार्मिन’ केलं.

पहिलं यंत्र बोटींसाठी होतं. किंमत सुमारे अडीच हजार डॉलर. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकेचं लष्करही होतं.

स्क्रीन करते तरी काय?

उपग्रह वरून सतत वेळ सांगत असतो. यंत्र ती वेळ पकडतं आणि सिग्नल यायला किती उशीर झाला त्यावरून अंतर काढतं. असे किमान चार उपग्रह पकडले की आपण कुठं आहोत आणि किती उंचीवर आहोत हे कळतं. यात वेळ इतकी बारीक मोजावी लागते की सेकंदाचा दहा लाखावा भाग जरी चुकला तरी जागा ३०० मीटरनं सरकते. २००० सालापर्यंत अमेरिकी सरकार सामान्य माणसाला मिळणाऱ्या सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड ठेवत असे. २ मे २००० ला ती काढली, तेव्हा कुठं आजची अचूकता आली.

इथपर्यंत मोबाईल आणि विमान सारखंच. खरा फरक पुढे आहे. पूर्वी छोट्या विमानात समोर गोल डायल असायचे. वेगाचा एक, उंचीचा एक, दिशेचा एक, आणि नकाशा कागदाचा, मांडीवर. वैमानिकाला हे सगळं डोक्यात जुळवावं लागे. ढगात, धक्के बसत असताना, एकटा माणूस हे करताना चुकायचा. विमान ठणठणीत चालू असताना डोंगरावर आदळण्याचे अपघात अशाच चुकांतून होत.

१९९८ मध्ये आलेल्या गार्मिनच्या ‘जीएनएस ४३०’ या खोक्यात रेडिओ, जीपीएस आणि रंगीत नकाशा एकत्र होता. त्यानंतर काही वर्षांनी ‘जी १०००’ आलं. त्यात डायलची जागा दोन मोठ्या स्क्रीननी घेतली. एकीवर क्षितिज, वेग, उंची. दुसरीवर नकाशा आणि इंजिनची माहिती. एक स्क्रीन बंद पडली तर महत्त्वाची माहिती दुसरीवर येते. पुढचा डोंगर विमानाच्या उंचीच्या वर असेल किंवा शंभर फुटांच्या आत खाली असेल तर नकाशात लाल दिसतो. त्याहून खाली, पण हजार फुटांच्या आत असेल तर पिवळा. म्हणजे ढगात लपलेला सिंहगड डोळ्याला दिसणार नाही, पण स्क्रीनवर लाल होईल. भारतातही ही स्क्रीन आहे. रायबरेलीजवळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमीत डायमंड डीए-४० विमानांवर शिकणारी मुलं हीच बघून उडायला शिकतात.

मोबाईलच्या नकाशानं चुकीच्या गल्लीत नेलं तर आपण गाडी वळवून घेतो. विमानात ती सोय नाही. म्हणून तिथल्या सॉफ्टवेअरचा एकेक तुकडा तपासून, कागदावर सिद्ध करून मगच मंजुरी मिळते. त्यात वर्षं जातात. नकाशाची माहितीही दर २८ दिवसांनी नवी टाकावी लागते.

तुमच्या मोबाईलनं केलेलं नुकसान

२००० साली कंपनी शेअर बाजारात आली. गाडीच्या काचेला चिकटवायचं नकाशा-यंत्र तुफान विकलं जाऊ लागलं आणि निम्म्याहून जास्त कमाई त्यातून येऊ लागली. बरेल तोवर निवृत्त झाले होते, कारभार काओंच्या हातात होता.

आणि मग स्मार्टफोन आला. २००७ मध्ये शंभर डॉलरच्या वर असलेला शेअर २००८ च्या अखेरीस वीसच्या खाली होता. त्यात जगभरच्या मंदीचाही हात होता, पण पुढचा घाव सरळ मोबाईलचा. ऑक्टोबर २००९ मध्ये गुगलनं वळणावळणावर बोलून रस्ता सांगणारा नकाशा फुकट देण्याची घोषणा केली. त्याच दिवशी गार्मिनचा शेअर पंधरा टक्क्यांहून जास्त पडला. कंपनीनं स्वतःचा फोनही काढून बघितला. तो साफ आपटला.

अशा वेळी कंपन्या बहुतेक वेळा बाहेरचा माणूस आणतात आणि विभाग विकायला काढतात. इथं तसं झालं नाही. २०१३ मध्ये काओंच्या जागी क्लिफ पेम्बल मुख्य अधिकारी झाले. ते १९८९ च्या त्या सुरुवातीच्या मोजक्या माणसांतलेच. गणित आणि संगणक शिकलेले, स्वतः प्रोग्रॅम लिहिलेले. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांत सुकाणू धरणारी सगळी माणसं आतलीच, आणि सगळी कामातून वर आलेली.

धायरीतल्या वर्कशॉपवाल्यांना दुसरी एक गोष्ट जास्त भिडेल. इथं गल्लीबोळात लेथ आणि सीएनसी मशिनं आहेत. एक जण टर्निंग करतो, दुसरा प्लेटिंग, जोडणी तिसरीकडे. बहुतेक काम जॉबवर्कचं, त्यामुळे मोठ्या कंपनीची ऑर्डर थांबली की शेड बंद. गार्मिननं डिझाईन, सॉफ्टवेअर आणि कारखाना शक्यतो स्वतःकडेच ठेवला. तैवानमध्ये पहिल्यापासून स्वतःचं उत्पादन. यात भांडवल खूप अडकतं, छोट्या माणसाला ते परवडणारं नाही हेही खरंच. पण गाडीचा धंदा बसला तेव्हा तेच इंजिनिअर आणि तेच कारखाने घड्याळांकडे आणि विमानाच्या स्क्रीनकडे वळवता आले. २०२४ मध्ये कंपनीची विक्री ६ अब्ज ३० कोटी डॉलर झाली. त्यात विमान विभागाचा वाटा सुमारे ८८ कोटी डॉलर. घड्याळं आणि व्यायामाची साधनं त्याच्या कितीतरी पुढे आहेत.

पेम्बल यांच्या काळात एक नामुष्कीही झाली. जुलै २०२० मध्ये सायबर हल्ल्यात कंपनीच्या सेवा काही दिवस ठप्प झाल्या. पळणाऱ्यांची नोंद बंद पडली हे एक वेळ चालेल, पण वैमानिकांना ती २८ दिवसांची नवी माहिती उतरवून घेता येईना. सगळं स्वतःकडे ठेवण्याचा हा दुसरा चेहरा. एक कुलूप तुटलं की सगळंच अडतं.

आपल्याकडे काय?

स्क्रीन कोणाचीही असो, तिला खालून-वरून मिळणारा सिग्नल नेमका हवा. भारतात त्यासाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून ‘गगन’ यंत्रणा उभी केली. जीपीएसमधली चूक जमिनीवरची केंद्रं मोजतात आणि दुरुस्ती उपग्रहातून विमानाला कळवतात. २८ एप्रिल २०२२ ला इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानातल्या किशनगडला ‘गगन’च्या आधारे उतरलं. जिथं धावपट्टीजवळ महागडी यंत्रं बसवलेली नाहीत अशा लहान विमानतळांसाठी हे मोठं काम आहे.

गॅरी बरेल जून २०१९ मध्ये वारले. त्यानंतर चारच महिन्यांनी कंपनीनं ‘ऑटोलँड’ जाहीर केलं आणि २०२० मध्ये पायपर एम६०० या छोट्या विमानासाठी त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. वैमानिक बेशुद्ध पडला तर मागच्या सीटवरचा माणूस एक बटण दाबतो. मग यंत्रणा हवामान, इंधन आणि धावपट्टीची लांबी बघून स्वतः विमानतळ निवडते, रेडिओवरून कंट्रोल टॉवरला कळवते आणि विमान उतरवून ब्रेक लावते. तोवर समोरची स्क्रीन प्रवाशाशी साध्या शब्दांत बोलत असते : कुठं चाललोय, किती मिनिटं राहिली, कशाला हात लावू नका. विमान थांबल्यावर इंजिनही तीच बंद करते.