तीस सेकंदांत माणूस!

मुलांनो, हा अंक जरा बाजूला ठेवा आणि एका कागदावर धावणारा माणूस काढा बघू. मी थांबते.

काढलात? आता खरं सांगा, आधी काय काढलंत? गोल डोकं, त्यात डोळे, नाक, मग शर्टाची बटणं. पाय काढायची वेळ आली तेव्हा कागदावर जागाच उरली नाही! मग खोडरबर. कागद फाटायला आला, पण माणूस काही धावला नाही. बरोबर ना?

मी तुम्हाला हसत नाही हं. डी.एड.ला असताना मी पाठासाठी तक्ते रंगवायची. त्यातले शेतकरी काय, पोस्टमन काय, सगळे राष्ट्रगीताला उभे राहिल्यासारखे सावधान!

पुढे शिक्षिका झाले आणि माझ्या हातून एक चूक झाली. वर्गातल्या एका मुलानं पाण्याची कळशी घेऊन येणारी आई काढली होती. मी पटकन म्हणाले, "अरे, हात केवढा लांब काढलास!" सगळा वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर त्यानं डोंगर काढले, झाडं काढली, घरं काढली. माणूस एकही नाही. विचारलं तर म्हणाला, "बाई, मला माणसं येत नाहीत."

ते माझ्या मनाला फार लागलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एका चित्रकला शिक्षकांकडे शिकायला गेले. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं खोडरबर काढून घेतलं. म्हणाले, "तीस सेकंद देतो. माणूस दिसतो कसा ते राहू द्या, तो काय करतोय ते काढा."

चित्रकार याला जेश्चर ड्रॉइंग म्हणतात. आपण झटपट रेखाटन म्हणू या. ही रीत जुनी आहे. सतराव्या शतकात हॉलंडच्या रेम्ब्रांटनं चालायला शिकणारं बाळ मोजक्याच रेषांत काढलं. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये किमॉन निकोलाइडिस हे शिक्षक विद्यार्थ्यांकडून असा सराव करून घेत. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४१ साली निघालं. आणि आपली वारली चित्रं आठवा. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून केलेलं अंग, काडीसारखे हातपाय, नाकडोळे नाहीतच. तरी तारप्याभोवतीची माणसं नाचताना दिसतात की नाही?

चला तर, करून पाहू. पाठकोरे कागद घ्या, मऊ पेन्सिल घ्या (४बी असली तर उत्तम) आणि सेकंदकाट्याचं घड्याळ समोर ठेवा. खोडरबर दप्तरातच राहू दे.

१. ताईला किंवा मित्राला एखाद्या पवित्र्यात उभं करा. बॅट फिरवताना, वाकून चेंडू उचलताना. आधी तुम्हीही तसंच उभे राहून बघा. ताण कुठे येतो ते कळेल.

२. डोक्यापासून पायापर्यंत एकच लांब रेषा ओढा. नुसती बोटं हलवू नका, हात खांद्यापासून फिरू द्या.

३. भार कोणत्या पायावर आहे ते पाहा. एका पायावर भार देऊन सैल उभे राहा आणि कमरेवर हात ठेवा. भाराच्या बाजूची कंबर वर जाते आणि बहुतेक वेळा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. या दोन तिरप्या रेषा काढा.

४. आता डोकं आणि छाती अंडाकृती, हातपाय एकेका रेषेत. नाकडोळे नकोत.

तीस सेकंद झाले की थांबा, अर्धवट राहिलं तरी! ३० सेकंदांची दहा रेखाटनं, मग १ मिनिटाची पाच, शेवटी २ मिनिटांची दोन. बेरीज करा: अवघी १४ मिनिटं.

पहिल्या दिवशी कागदावर गुंतलेला दोरा दिसेल. माझाही तसाच दिसला होता. फेकू नका, त्यावर तारीख घाला. महिन्याभरानं बघा, गंमत कळेल.

पालकांनो, दोन शब्द तुमच्याशी. मूल कागद दाखवायला आलं तर "याचं तोंड कुठंय?" असं विचारू नका. "हा काय करतोय?" असं विचारा. आणि त्यानं तीस सेकंद उभं राहायला सांगितलं, तर हातातलं काम ठेवून तेवढं उभे राहा.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मी वर्गात हा खेळ सुरू केला. तो मुलगा मात्र नुसता बसून असायचा. एके दिवशी मी पाण्यानं भरलेली बादली एका हातात धरून वर्गापुढे उभी राहिले. अंग आपोआप दुसऱ्या बाजूला झुकलं, बादलीचा हात ताणला गेला. हळूच पाहिलं, तर त्यानं पेन्सिल उचलली होती.

त्याच्या चित्रातला हात पुन्हा लांबच होता. पण माझा हात अजून दुखत होता, म्हणून मला कळलं. त्यानं ओझं काढलं होतं. आईच्या चित्रातही ओझंच होतं! मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "त्या दिवशी तुझं बरोबर होतं रे. माझं चुकलं."

तो काही बोलला नाही. त्यानं कागद उलटला, मागे छापलेलं होतं. मग हात पुढे करून म्हणाला, "बाई, अजून एक कागद द्या ना."

तुमच्या घरी पाठकोरे कागद आहेत ना? मग बघा घड्याळात, आणि करा सुरुवात!