कडक म्हणजे मजबूत नव्हे
पोलादाला पाणी देणाऱ्या कारागिरांसाठी

उमरखेड परिसर कापसाचा. वखराची पास, नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड यांना येथे गिऱ्हाईक कायम असते. आपले कारागीर बांधव त्यासाठी बहुधा मालट्रकचा जुना कमान पाटा वापरतात. माल उत्तम असतो; तरीही दगड लागताच पास तडकते आणि गिऱ्हाईक "लोखंडच खराब" म्हणून परत येते. आमच्या मते दोष बहुधा लोखंडाचा नसून पाणी देण्याच्या पद्धतीचा असतो.

कमान पाट्याच्या एका प्रचलित पोलादात (ईएन ४५) कार्बन ०.५ ते ०.६ टक्के आणि सिलिकॉन १.५ ते २ टक्के असते. कार्बनमुळे कडकपणा येतो, पण तो वाढेल तसा चिवटपणा घटतो. गंधक व फॉस्फरस ठिसूळपणा आणतात, म्हणून चांगल्या पोलादात ते अत्यल्प ठेवतात.

तापवताना लोहचुंबक चिकटेनासे झाले की सुमारे ७७० अंश सेल्सिअस ओलांडले असे समजावे. त्याहून थोडे अधिक तापवणे पुरे. फार तापवल्यास आतील कण मोठे होऊन चिवटपणा जातो. हे पोलाद पाण्यात बुडवल्यास तडे जाण्याची भीती असते, म्हणून तेल वापरावे.

येथेच अनेक जण काम संपले असे समजतात. खरे तर या क्षणी पोलाद काचेसारखे कडक आणि ठिसूळ असते. ते पुन्हा बेताने तापवावे लागते. यालाच टेम्परिंग म्हणतात. विळ्याच्या धारेला फिकट पिवळा रंग येईपर्यंतची, म्हणजे सुमारे २३० अंशांची उष्णता चालते. धक्के सोसणाऱ्या वस्तूला जास्त लागते. कमान पाट्यांना ४०० ते ५५० अंश देतात. कडकपणा थोडा उतरतो, चिवटपणा मात्र कितीतरी वाढतो.

एक इशारा. तुटलेला कमान पाटा वेल्डिंग करून गाडीला पुन्हा लावू नये. जोडाशेजारचे पोलाद ठिसूळ बनते. भरल्या गाडीखाली ते तुटले तर जिवावर बेतेल. गिऱ्हाईकाने आग्रह केला तरी नकार द्यावा.

हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि ते स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत. त्यांच्या या हुनराचे वारस म्हणवणाऱ्यांनी टेम्परिंगची थोडी मेहनत वाचवू नये. वस्तू टिकली तर गिऱ्हाईक टिकते, आणि बरकतही त्यातच आहे.