नवीन रोपाला पाण्याची घाई नको

ताईंनो, विक्रीसाठी जेड, कोरफड अशी जाड पानांची रोपं आणलीत, की लगेच तांब्याभर पाणी ओतू नका. ही झाडं पानांतच पाणी साठवतात. नर्सरीतलं कोकोपीट बरेच दिवस ओलं राहतं, त्यात मुळं कुजतात. म्हणून माती, जाड वाळू आणि विटेचे बारीक तुकडे सारखे घ्या. कुंडीला भोक हवंच! लावल्यावर चार-पाच दिवस पाणी नाही. पुढे बोट खुपसून बघायचं, आतूनही कोरडं लागलं तरच द्यायचं. पान सुरकुतलं तर तहान लागलीय. पिवळं, गिळगिळीत झालं तर पाणी जास्त झालंय. तेव्हा जेडची चांगली फांदी कापा, तीन-चार दिवस सावलीत सुकवून लावा, रोपाचे पैसे वाचतात. जाळीखाली वाढलेलं रोप एकदम उन्हात नको. पावसाळ्यात कुंड्या ओसरीवर घ्या.