कथा तीच, लेखणी दुसरी

रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. पेण मागे टाकून आलेल्या गाडीतील प्रवाशाला आपण एका व्यवस्थेच्या हातून दुसऱ्या व्यवस्थेच्या हाती गेलो, याची जाणीवही होत नाही. महानायकांच्या चित्रकथांत लेखक अर्ध्यावर बदलला जातो, तेव्हा प्रकाशकाची अपेक्षा नेमकी हीच असते. वाचक मात्र इतका बेसावध नसतो. दहा वर्षांच्या मुलालाही आपला आवडता नायक ‘वेगळाच बोलू लागला’ हे चटकन उमगते; का, ते त्याला सांगता येत नाही, एवढेच.

लेखक बदलता येतो, याचे मूळ व्यवहारात आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी ‘सुपरमॅन’ निर्माण केला आणि 1938 साली त्याचे सर्व हक्क अवघ्या 130 डॉलरना प्रकाशकाच्या स्वाधीन केले. त्या क्षणापासून नायक मालकाचा झाला आणि लेखक नेमणुकीचा. कादंबरीकार गेला तर कादंबरी अपुरी राहते. महानायकाचा अंक मात्र पुढच्या महिन्यात निघावाच लागतो.

नव्या लेखकाच्या मार्गातली खरी अडचण अशी की, छापलेला मजकूर मागे घेता येत नाही. आधीच्याने बांधलेल्या गाठी सोडवाव्या तरी लागतात, नाहीतर तोडाव्या तरी. ब्रिटिश लेखक ॲलन मूर यांच्याकडे ‘स्वॅम्प थिंग’ ही अमेरिकन मालिका मार्टिन पास्को यांच्यानंतर आली. 1984 च्या जानेवारीच्या विसाव्या अंकात त्यांनी आधीची लोंबती सूत्रे आवरती घेतली. पुढच्याच अंकात त्यांनी उलगडा केला, की दलदलीतला हा प्राणी म्हणजे रूप पालटलेला शास्त्रज्ञ नव्हेच. तो स्वतःला माणूस समजणारी एक वनस्पती आहे. धक्का मोठा होता. पण पूर्वी छापलेले एकही चित्र त्याने खोटे ठरवले नाही. बदलला तो केवळ अर्थ. पूर्वसूरींचे लेखन न पुसता आपले लिहिण्याचे हे कौशल्य फार थोड्यांना साधते.

आपल्याकडे मुंबईहून 1964 ते 1990 या काळात निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने मराठी घराघरांत चित्रकथा पोहोचवल्या. त्यांतला देशी नायक ‘बहादूर’. आबिद सुरती यांनी तो 1976 साली उभा केला. चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्यापुढे शस्त्रे ठेवल्याला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. बहादूर हा डाकूचाच मुलगा. बाप पोलिसांच्या हातून मारला गेलेला. तरीही सूडाची वाट सोडून गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारणारा. वैराचे ओझे उतरवून ठेवणे, हा त्या व्यक्तिरेखेचा कणा होता. पुढे जगजित उप्पल या कथा लिहू लागले आणि बहादूरचा वावर चंबळच्या घळींपुरता राहिला नाही. तरीही वाचकाला सांधा एकदम जाणवला नाही, याचे श्रेय चित्रकार गोविंद ब्राह्मणिया यांच्या रेषेला द्यायला हवे. केशरी कुडता तोच, चेहरा तोच. पेणच्या गणपती कारखान्यांत साचा एकाचा, रंग दुसऱ्याचा आणि डोळ्यांची आखणी तिसऱ्या सरावलेल्या हाताची असते. मूर्ती ओळखीची वाटते ती त्या डोळ्यांमुळे. चित्रकथेतही वाचक आधी चेहऱ्यावर विश्वास ठेवतो, शब्दांवर नंतर.

ही अडचण छापखान्याबरोबर आली, असे मात्र नव्हे. आचार्य वीरसेनांची ‘जयधवला’ टीका वीस हजार श्लोकप्रमाणावर थांबली. शिष्य जिनसेनांनी आणखी चाळीस हजारांची भर घालून ती शके 759 मध्ये पूर्ण केली. पुढे नियतीने जिनसेनांनाही तोच अनुभव दिला. ‘आदिपुराणा’ची बेचाळीस पर्वे आणि त्रेचाळिसाव्याचे तीन श्लोक रचून झाले, आणि लेखणी थांबली. सत्तेचाळीस पर्वांपर्यंतचा उरलेला भाग शिष्य गुणभद्रांनी रचला, त्यानंतर ‘उत्तरपुराण’ही. सांधा लपवण्याचा त्यांनी मुळीच प्रयत्न केला नाही. उसाचा पूर्वार्धच रसाळ असतो, पुढचे जसे जमेल तसे जमो, अशा आशयाचे निवेदन करूनच त्यांनी कामाला हात घातला. शेंड्याकडे गोडी उतरते, हे उसाच्या फडात वावरणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. एका वाक्यात गुरूचा गौरव झाला, स्वतःची मर्यादा सांगून झाली आणि वाचकाला पूर्वकल्पनाही मिळाली. आजच्या मालिकांच्या संपादकांना हा प्रांजळपणा सहसा परवडत नाही.

बहादूरच्या उलट घडले ते ‘फँटम’चे. तिथे चित्रकार बदलत गेले: रे मूर, विल्सन मॅककॉय, साय बॅरी. लेखक मात्र 1936 पासून एकच, ली फॉक. अर्थात, त्या एकट्यानेही पहिल्याच कथेत अर्ध्यावर बेत बदलला होता. जिमी वेल्स नावाच्या श्रीमंत तरुणाला बुरख्याआडचा नायक करायचे, हा विचार त्यांनी चालू कथेतच सोडून दिला. 1999 च्या मार्चमध्ये फॉक गेले, तेव्हा दोन कथा अपुऱ्या होत्या. त्या त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी पूर्ण केल्या. नंतर मालिका टोनी डीपॉल आदी लेखकांकडे गेली. योगायोग असा, की फँटमच्या कथेचा पायाच हा आहे: बाप मरतो, मुलगा तोच बुरखा चढवून तीच शपथ घेतो, आणि जंगलातील लोक चारशे वर्षे एकच माणूस जिवंत आहे असे मानत राहतात.