संगणकीय अभिलेख : दोन मर्यादा आधी ठरवाव्यात

दिनांक 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयास लागलेल्या आगीत पाच जणांना प्राण गमवावे लागले आणि अनेक विभागांच्या फायली भस्मसात झाल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत अन्यत्र नसते, तो अशा प्रसंगी कायमचा जातो. संगणकामुळे ही भीती संपली, असा एक समज आहे. परंतु प्रत आहे एवढ्याने भागत नाही. ती किती जुनी आहे आणि तिच्यावरून कामकाज किती वेळात पूर्ववत होईल, हे आधीच निश्चित झालेले असावे लागते.

दिनांक 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यातील एखादे तालुका कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. तेथे प्रत रोज रात्री घेतली जाते आणि दुपारी चार वाजता यंत्र निकामी होते, असे समजू. सकाळपासूनच्या नोंदी गेल्या. मूळ अर्ज कागदावर असतील, तर त्या पुन्हा भरता येतील. एका दिवसाची हानी सोसण्याजोगी ठरेल. मात्र अर्जच संगणकावरून आला असेल आणि शेतकऱ्याच्या हाती केवळ पोच क्रमांक असेल, तर रात्रीची प्रत निरुपयोगी होय. तेथे प्रत्येक नोंद त्याच क्षणी दूरच्या दुसऱ्या यंत्रावरही उमटली पाहिजे. ही व्यवस्था खर्चिक असते, म्हणून ती सरसकट सर्व कामांना लावणे शहाणपणाचे नाही.

दुसरी मर्यादा खोळंब्याची. ती हंगामानुसार बदलते. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. तेथे एक दिवसाचा खंड चालू शकेल. जूनमध्ये पीककर्जासाठी सातबारा हवा असतो, तेव्हा तोच दिवस जड जातो. पीकविम्याच्या अंतिम तारखेस तर तासही मोलाचा.

हे ठरविणे संगणकचालकाचे काम नव्हे, कार्यालयप्रमुखाचे आहे. ‘चार तासांत सुरू करू’ असे लिहिले आणि प्रत उतरवून घेण्यासच सहा तास लागले, तर तो आकडा पोकळ ठरतो. यास्तव खरिपापूर्वी एकदा प्रत्यक्ष उतरवून, घड्याळ लावून पाहावे. मधल्या काळासाठी अनुक्रमांकित नोंदवही हाताशी ठेवावी आणि यंत्र सुरू होताच त्याच क्रमाने नोंदी भराव्यात, म्हणजे कोणाचा अर्ज आधी आला याचा वाद उरणार नाही.