चार-शून्य जिंकूनही पुरावा कमीच? : महिला बास्केटबॉलची फायनल आणि तुमचा सँपल साइझ

सिनॉप्सिस लिहायला बसलात की एक प्रश्न हमखास येतो, आणि गाइडने नाही विचारला तरी समितीतलं कुणीतरी विचारतंच : "n किती घेतलाय? आणि तेवढाच का?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : "तीन, सर. ट्रिप्लिकेट." का, तर आधीच्या सीनियरने तीन घेतले होते.

हा 'का' समजून घ्यायला आज प्रयोगशाळेत न जाता बास्केटबॉल कोर्टवर जाऊ. अमेरिकेत डब्ल्यूएनबीए नावाची महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग आहे. २०२५ च्या तिच्या अंतिम मालिकेत लास व्हेगास एसेसने फिनिक्स मर्क्युरीला ४-० असं हरवलं. आपल्याकडे ११ ऑक्टोबरची सकाळ होत होती तेव्हा चौथा सामना चालू होता. एसेसची एजा विल्सन मालिकेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. बातम्यांमध्ये शब्द एकच : धुव्वा.

आता संशोधकाच्या नजरेने विचारा. या चार सामन्यांतून एसेस हा मर्क्युरीपेक्षा सरस संघ आहे हे सिद्ध झालं का?

उत्तराआधी थोडा इतिहास, कारण तो आपल्या विषयाचाच आहे. १९९७ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा अंतिम फेरी एका सामन्याची होती. ह्यूस्टन कॉमेट्सने न्यूयॉर्क लिबर्टीला ६५-५१ ने हरवलं आणि विषय संपला. १९९८ पासून तीन सामन्यांची मालिका आली, म्हणजे दोन जिंकले की विजेतेपद. २००५ पासून पाच सामन्यांची, आणि २०२५ मध्ये पहिल्यांदा सात सामन्यांची. पुरुषांच्या एनबीएमध्ये सात सामन्यांची मालिका कितीतरी आधीपासून आहे. महिलांच्या लीगला तिथवर पोचायला २८ वर्षं लागली. सामन्यांची संख्या काही संख्याशास्त्रज्ञाने ठरवलेली नव्हती. ती ठरत होती मैदानांची उपलब्धता, प्रवास, टीव्हीची वेळ आणि पैसा यांवरून. तुमचा n सुद्धा बहुतेक वेळा असाच ठरतो : किटमध्ये किती रिअ‍ॅक्शन बसतात आणि ग्रँट कधी संपते यावर.

आता गणित. समजा एक संघ खरोखरच सरस आहे आणि कुठल्याही एका सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. (प्रत्येक सामन्यात ही शक्यता तीच राहते असं तूर्त धरू. ते पूर्ण खरं नाही, त्याकडे नंतर येतो.) एकाच सामन्याची फायनल असेल तर सरस संघ १०० पैकी ६० वेळा जिंकेल. तीन सामन्यांच्या मालिकेत सुमारे ६५ वेळा, पाच सामन्यांच्या मालिकेत ६८, आणि सात सामन्यांच्या मालिकेत ७१ वेळा. बघा, एकावरून सातावर गेलो, खर्च सातपट होऊ शकतो, आणि कमाई काय, तर ११ टक्के. सात सामने खेळवूनही १०० पैकी २९ वेळा करंडक दुसऱ्याच संघाच्या हातात जाणार.

मग सरस संघ ८० टक्के वेळा जिंकायला हवा असेल तर? १७ सामन्यांची मालिका लागेल. ९५ टक्के हवं असेल तर सुमारे ६५. आणि संघांमधला फरक आणखी बारीक असेल, म्हणजे ६० ऐवजी ५५ टक्के, तर तीच ९५ टक्क्यांची खात्री मिळवायला जवळपास २७० सामने! पन्नासपासूनचं अंतर दहावरून पाचवर आलं, निम्मं झालं, आणि नमुना चौपट झाला. हे नातं पाठ करून ठेवा : शोधायचा परिणाम निम्मा, तर लागणारा n चौपट. सँपल साइझची सगळी सॉफ्टवेअरं आतून याच नात्यावर चालतात. (वरची टक्केवारी म्हणजे काटेकोर अर्थाने 'पॉवर' नव्हे, पण पॉवरची चुलत बहीण म्हणायला हरकत नाही.)

हे कागदी वाटत असेल तर उदाहरण आपल्या दारातलंच आहे. कळंबोलीहून सायन-पनवेल महामार्गाला लागलं की थोड्या वेळात नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम येतं. महिला प्रीमियर लीगचा पहिलावहिला क्रिकेट सामना ४ मार्च २०२३ रोजी तिथे झाला. या लीगच्या पहिल्या तिन्ही हंगामांत, म्हणजे २०२३, २०२४ आणि २०२५ मध्ये, साखळी फेरीच्या शेवटी गुणतक्त्यात अव्वल होता दिल्ली कॅपिटल्स. आणि तिन्ही वेळा अंतिम सामना हरला तोही दिल्लीच. दोनदा मुंबई इंडियन्सकडून, एकदा बेंगळुरूकडून. २०२४ चा विजेता बेंगळुरू तर साखळीत आठपैकी चारच सामने जिंकून तिसऱ्या क्रमांकावर होता. मी स्वतः मुंबईवाला, त्यामुळे तक्रार काही नाही! पण आठ सामन्यांची सरासरी एक सांगते आणि एका सामन्याचा निकाल दुसरंच सांगतो, तेव्हा 'दिल्ली दडपणाखाली कोसळते' अशी कथा रचण्याआधी एवढं लक्षात घ्या की जवळपास तुल्यबळ संघांत एकेकच सामना झाला, तर तीन पराभव ओळीने यायची शक्यता आठात एक असते. दडपण असेलही. पण तेवढ्या डेटावरून ते सिद्ध होत नाही.

बास्केटबॉलमध्येही आपल्याकडचा असा एका सामन्याचा प्रसंग आहे. २०१७ मध्ये बेंगळुरूला आशिया चषकाच्या 'ब' विभागाच्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी कझाकस्तानला ७५-७३ ने हरवलं आणि वरच्या विभागात प्रवेश मिळवला. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. दोन गुण म्हणजे एक बास्केट. तो चेंडू रिंगवरून बाहेर पडला असता तरी संघ तोच राहिला असता, फक्त त्याच्याबद्दलचा निष्कर्ष बदलला असता.

आता मूळ प्रश्नाकडे. एसेसचे चार-शून्य.

शून्य गृहीतक घ्या : दोन्ही संघ अगदी सारखे, प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक. मग एसेसने ओळीने चार जिंकायची शक्यता १/२ चा चौथा घात, म्हणजे १/१६, म्हणजे ०.०६२५. झालं ना? तुमच्या लाडक्या ०.०५ च्या वर. शिवाय कोणता संघ धुव्वा उडवणार हे तुम्ही आधी लिहून ठेवलेलं नसेल तर दोन्ही बाजू धरायला हव्यात, आणि मग पी-व्हॅल्यू होते ०.१२५. म्हणजे दोन अगदी सारख्या संघांत सुद्धा आठपैकी एका मालिकेत कुणीतरी कुणाचा तरी ४-० ने धुव्वा उडवेल. सात सामन्यांच्या मालिकेत यापेक्षा एकतर्फी निकाल शक्यच नाही. म्हणजे फक्त हार-जीत मोजली, तर ही मालिका कशीही खेळली गेली तरी 'सिग्निफिकंट' होऊच शकत नाही. दोन्ही बाजू धरून ०.०५ च्या खाली जायला ओळीने सहा विजय लागतात.

इथे थांबून स्वतःच्या प्रयोगाकडे बघा. तीन उंदीर कंट्रोल, तीन उंदीर ट्रीटमेंट, आणि त्यावर मान-व्हिटनी चाचणी. ट्रीटमेंटचे तिन्ही आकडे कंट्रोलच्या तिन्ही आकड्यांच्या वर असले, यापेक्षा छान निकाल असूच शकत नाही, तरी दोन बाजूंची पी-व्हॅल्यू ०.१ येते. त्याहून खाली ती जातच नाही. म्हणजे प्रयोग सुरू करायच्या आधीच उत्तर ठरलेलं होतं : नापास. सहा जीव गेले, रिएजंट गेले, तुमचे चार महिने गेले. हा हिशोब प्रयोगाआधी करायला दहा मिनिटं लागतात. मला विचाराल तर सिनॉप्सिसमधली ही सगळ्यात महत्त्वाची दहा मिनिटं आहेत.

"पण आपण फक्त हार-जीतच का मोजतोय? गुणांचा फरकही आहे की!" बरोबर. आकड्याचं 'हो/नाही' केलं की माहिती वाया जाते. तर फरक घेऊ. चार सामने होते ८९-८६, ९१-७८, ९०-८८ आणि ९७-८६. फरक : ३, १३, २, ११. धुव्वा म्हणता म्हणता त्यातले दोन सामने अगदी काठावरचे होते. तिसऱ्या सामन्यात तर विल्सनचा विजयी शॉट पडला तेव्हा घड्याळात एक सेकंदही उरला नव्हता. सरासरी फरक ७.२५, प्रमाण विचलन सुमारे ५.६. त्यावरून ९५ टक्के विश्वास मर्यादा निघते साधारण -१.६ ते १६.१. शून्य अजूनही आतच आहे. मात्र हे उत्तर आधीच्यापेक्षा कितीतरी बोलकं आहे : एसेस किंचित डावे असू शकतील इथपासून ते सोळा गुणांनी भारी असतील इथपर्यंत काहीही या डेटाशी जुळतं, आणि सगळ्यात जास्त जुळतं ते सात गुणांच्या आसपासचं. 'सिग्निफिकंट नाही' म्हणजे 'फरक नाही' असं समजणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. एसेस सरस होते असं मलाही वाटतं, पण ते या चार सामन्यांच्या बळावर नव्हे. साखळीत त्यांचे ३० विजय आणि १४ पराभव होते, मर्क्युरीचे २७ आणि १७. ती आधीची माहिती धरूनच मी बोलतोय.

आता ते 'नंतर येतो' म्हटलेलं. प्रत्येक सामन्यात शक्यता तीच राहते हे गृहीतक. २ ऑगस्टला याच एसेसना मिनेसोटा लिंक्सने १११-५८, म्हणजे ५३ गुणांनी हरवलं होतं. त्यानंतर साखळी संपेपर्यंत एसेस ओळीने १६ सामने जिंकले. ऑगस्टच्या आधीचा संघ आणि नंतरचा संघ एकच नमुना मानायचा का? आणि लिंक्सचं काय झालं? ३४-१० असा लीगमधला सर्वोत्तम रेकॉर्ड, पण उपांत्य फेरीत मर्क्युरीकडून ३-१ ने बाहेर. तिसऱ्या सामन्यात त्यांची मुख्य खेळाडू नफीसा कॉलियर जखमी झाली होती. चौथा सामना त्याच 'संघाने' खेळला का? प्रयोगशाळेत याला आपण बॅच इफेक्ट म्हणतो : सीरमची बाटली बदलली, इनक्युबेटर बंद पडला, पण एक्सेलमध्ये कॉलम एकच.

याच्या उलटी चूक म्हणजे एकाच गोष्टीला अनेक मोजणं. एका सामन्यात चार क्वार्टर असतात. मग चार सामन्यांचे १६ क्वार्टर, n = १६, आणि पी-व्हॅल्यू झकास! नाही चालत. त्या रात्री कुणाचा गुडघा दुखत असेल तर तो चारही क्वार्टरमध्ये दुखतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही : एकाच सळईचे तीन तुकडे कापून तपासले म्हणजे तीन सळया तपासल्या असं होत नाही, ट्रकभर मालाची तर गोष्टच सोडा. एकाच फ्लास्कमधून भरलेल्या तीन वेल म्हणजे एकाच सळईचे तीन तुकडे. त्यांच्यावरून तुमचं पिपेटिंग किती सारखं आहे ते कळतं, औषध काम करतं की नाही ते नाही कळत.

एका बाबतीत मात्र बास्केटबॉल आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. चार विजय झाले की मालिका थांबते. वरवर पाहता हे आपल्या 'निकाल आला की थांबा' सारखंच वाटतं, पण फरक मोठा आहे. थांबायचा नियम पहिल्या सामन्याच्या आधी छापलेला असतो, दोन्ही संघांना सारखा असतो, आणि उरलेले तीन सामने खेळवले तरी बहुमत बदलणार नसतं. आपल्याकडे काय होतं? पी ०.०७ आली की "अजून दोन सँपल टाकून बघू", आणि ०.०४ आली की त्याच दिवशी थांबायचं. कल्पना करा, ३-४ ने हरलेला संघ म्हणतोय, "नऊचं करूया." आणि जिंकेपर्यंत म्हणतच राहतोय. मधे डोकावून पाहायला मनाई नाही, फक्त कितीदा डोकावणार आणि किती कडक उंबरठा लावणार हे आधी लिहून ठेवायचं.

सरावाला एक गणित देतो. २०२४ च्या अंतिम मालिकेत न्यूयॉर्क लिबर्टीने मिनेसोटा लिंक्सला ३-२ ने हरवून आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं. पाचवा सामना ओव्हरटाइममध्ये गेला. तिथवर नेणारे फ्री थ्रो ज्या फाउलवर मिळाले, त्या निर्णयावर लिंक्सच्या प्रशिक्षक शेरिल रीव्ह जाहीरपणे भडकल्या होत्या. (मोजमापातली त्रुटी या विषयावर वेगळी पोस्ट लिहीन.) लिबर्टीच्या बाजूने फरक असे : -२, १४, ३, -२, ५. सरासरी, प्रमाण विचलन आणि ९५ टक्के विश्वास मर्यादा हाताने काढा. टी-टेबलमध्ये चार डिग्री ऑफ फ्रीडमसाठी २.७७६ घ्या. उत्तर -४.६ ते ११.८ च्या आसपास यायला हवं. मग हेच प्रमाण विचलन धरून, सरासरी फरक ३.६ च राहिला तर शून्य मर्यादेच्या बाहेर जायला किती सामने लागतील तेही काढा, आणि आकडा कमेंटमध्ये टाका.